वावटळीची चाकं

१

गाडीघराचं दार उघडलं तेव्हा लाल गाडी जागच्या जागी होती. तिची चाकं मात्र एकूण एक गेली होती.

भंगारवाल्याने कपाळावर हात मारला, मालकांनी घड्याळ पाहिलं आणि आराखडेवाल्या बाई मटकन खाली बसल्या. खरं नुकसान कोणाचं झालं होतं, ते तेवढ्यावरूनच कळत होतं.

मी तिथे होते ती माझ्या नणंदेमुळे. जन्मभर विमा कंपनीत चौकशा करून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचं नाक काही निवृत्त झालं नाही. पायाला भिंगरी आणि जिभेला धार. मी त्यांना वन्सं म्हणते, ते निम्मं मानाने आणि निम्मं चिडवायला. त्यांना मोटार चालवता येत नाही, त्यामुळे त्यांना शंका आली की पेट्रोल माझं जळतं. आराखडेवाल्या बाई त्यांच्या जुन्या शेजारीण. बाईंनी नुसतं सोबतीला बोलावलं होतं, पण वन्सं आणि नुसती सोबत या दोन गोष्टी कधी एकत्र नांदलेल्या नाहीत.

बंद पडलेल्या त्या पार्कात एकच गोष्ट अजून उभी होती, ती म्हणजे वावटळ. बाईंनी ऐन उमेदीत आखलेलं रोलरकोस्टर. त्याआधी असल्या गाड्या लाकडी सांगाड्यावर खडखडत जायच्या. बाईंनी पोलादी नळ्या वाकवून रूळ केले आणि मधे एक पुरा गोल दिला, म्हणजे माणूस डोकं खाली, पाय वर होऊन पुन्हा सुलटा. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून न्यायची आणि सोडून द्यायची. पुढे गाडीला इंजिन नाही की काही नाही. उतारावर कमावलेला वेग पुढच्या चढाला पुरवून पुरवून वापरायचा, एवढाच तिचा संसार. लोक रांगा लावून किंचाळायला यायचे.

मग एका गारठ्याच्या सकाळी पहिल्याच फेरीत गाडी दुसऱ्या चढाच्या माथ्यापर्यंत पोचली नाही. मागे आली, पुन्हा पुढे गेली आणि हेलकावे खात दोन चढांमधल्या खोलगटात थांबली. गाडीत बसलेल्या एका तरुण मास्तरांचा धीर सुटला. कमरेवरचा दांडा सोडवून ते खांबावरून उतरायला गेले आणि पडले. समिती बसली, चहा प्याली आणि दुसरा चढ प्रमाणाबाहेर उंच आहे असं सांगून उठली. गाडीघराला कोर्टाचं सील लागलं. त्यानंतर बाईंना कोणी साध्या जिन्याचा आराखडासुद्धा काढू दिला नाही.

आता जागा विकली गेली होती. सील मागच्या आठवड्यात निघालं होतं आणि गॅस कटरवाल्यांनी सकाळपासून फाटकाशी सिलिंडर उतरवायला घेतले होते. कापाकापीआधी गाडीची चाकं एकदा पाहू द्या, एवढंच बाईंनी मालकांना विनवलं होतं. मालक हो म्हणाले होते. आणि आता चाकंच नव्हती.

"मला नाव परत नकोय," बाई वन्संना म्हणाल्या. "तो माणूस मी मारला का, एवढंच कळू दे. मी तो हिशोब इतक्या वेळा केलाय की आता तो बरोबर येतोय की मी बरोबर आणतेय, तेच मला समजत नाही."

वन्संनी मालकांकडे वेळ मागितला. मालक म्हणाले, कटरवाले जेवून उठले की पहिला खांब पडणार, तोवर काय शोधायचं ते शोधा. कटरवाल्यांनी तेवढ्यात डबे उघडलेसुद्धा होते.

२

चाकांचं बाईंना एवढं काय पडलं होतं, ते त्यांनी गाडीघरातच सांगितलं. गाडी बनवणाऱ्या कारखान्याने चाकांचे दोन संच पाठवले होते. एक पांढऱ्या, कडक नायलॉनचा. आवाज कानठळ्या बसवणारा, पण पळायला हलका. दुसरा तपकिरी, रबरासारख्या मऊ मालाचा. त्यावर गाडी मांजरीच्या पावलांनी जायची, पण आळशी व्हायची. त्यातून हवा गार असली तर विचारू नका. बाईंनी चाचणीत पाहिलं होतं की तपकिरी चाकांवर भरलेली गाडी आपल्या वजनाच्या जोरावर दुसरा चढ पार करते, पण रिकामी जेमतेम चढते. त्यांनी तो संच नापास केला आणि परत पाठवा म्हणून निरोप दिला.

"सील निघालं त्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभी होते," त्या म्हणाल्या. "दार उघडं होतं. गाडीखाली मला काहीतरी काळपट दिसलं. सावली असेल, धूळ असेल, पण पांढरं नव्हतं."

म्हणजे कोणीतरी नापास चाकं चढवली होती, असा त्यांचा संशय. तसं असेल तर चढ निर्दोष, आणि बाईही. संशय कोणावर, हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. पण आवाजाबद्दल शेजारच्या वस्तीच्या तक्रारी यायच्या आणि त्या मालकांकडे यायच्या, हे मात्र दोनदा सांगितलं.

वन्सं तोवर गाडीभोवती घिरट्या घालत होत्या. वय झालंय, गुडघे दुखतात, तरी खाली वाकून प्रत्येक डब्याच्या पोटात डोकावणं चालू. भिंतीवरून तांब्याच्या जाडजूड तारा लोंबत होत्या. त्यांना कोणी हातही लावलेला नव्हता. गाडी चारी बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर अलगद टेकवलेली होती. आणि चाकं काढल्यावर उघड्या पडलेल्या प्रत्येक आसावर नट परत फिरवून बसवलेला होता, वर ग्रीसचं बोट.

मला हे बघून फार काही सुचलं नाही. पाय भरून आले होते, म्हणून मी कोपऱ्यातल्या पोत्यांच्या ढिगावर बसले. बाई म्हणाल्या, ते वाळूचे प्रवासी. रोज पार्क उघडण्याआधी पोती आसनांवर ठेवून एक फेरी सोडायची, भरल्या गाडीने चाकं आणि ब्रेक तपासायचे, मग माणसं घ्यायची अशी पद्धत होती. बरीच पोती कुजून वाळू सांडली होती. माझ्या प्रवाशाला मात्र चांगलीच हाडं होती. दोन मिनिटांत मी उठून उभी राहिले आणि वन्संना विचारलं की या वयात आपल्याला असल्या जागी तडमडायची काय गरज आहे. त्यांनी ऐकलंच नाही. त्या भंगारवाल्याला गाठायला निघाल्या होत्या.

भंगारवाला वैतागला होता. सील निघाल्यापासून फाटकावर त्याचाच पहारेकरी होता आणि तो जाणाऱ्या-येणाऱ्याचा डबासुद्धा उघडून बघायचा. "ताई, सुई बाहेर गेलेली नाही," तो म्हणाला. "आणि चोरायचंच तर माणूस तांबं चोरेल. ती चाकं मला कोणी फुकट दिली तरी मी टाकून देईन."

"म्हणजे चाकं आतच आहेत," वन्सं मला म्हणाल्या. "आणि ती ज्याने काढली त्याला ती विकायची नाहीत, लपवायची आहेत."

फाटकाशी कोणीतरी कटर पेटवून पाहिला. त्याचा फुसकारा आमच्यापर्यंत ऐकू आला. बाईंकडे बघवत नव्हतं.

३

मालक ऑफिसात खोकी भरत होते. माणूस गोड बोलणारा, पण ताकास तूर लागू देणार नाही असा. वन्संनी तक्रारींचा विषय काढला, तर ते मनापासून हसले. शेजारपाजारची माणसं ओरडायची हे खरं, पण आवाज बंद करायला आपण काय खुळे होतो का, असं त्यांनी विचारलं. वावटळ धडधडली की पार बाजारापर्यंत ऐकू जायची आणि पोरं आईबापांचे हात ओढायला लागायची. जाहिरातीवर एक छदाम न घालता पार्क भरायचं. बाईंनी रुळांच्या पोकळ नळ्यांत वाळू भरायला सांगितलं होतं, म्हणजे त्या कमी गुणगुणतील. तेसुद्धा आपण भरू दिलं नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

मला त्यांचा राग आला, पण खोटं बोलत असावेत असं वाटलं नाही. खोटं बोलणारा माणूस स्वतःला इतका लोभी दाखवत नाही.

आम्ही उठलो तेव्हा मालक खोक्याची दोरी आवळता आवळता म्हणाले, "एक विचारू का? चाकं पांढरी निघाली असती, तर खापर कायमचं कोणाच्या माथी बसलं असतं? बाईंच्या. मग चाकं नाहीशी झाल्याने कोणाचं बरं झालं? मी आपला विचारतो."

बाई दूर चढाखाली उभ्या राहून वर बघत होत्या. वारा सुटला होता आणि नळ्यांतून एक लांबलचक सूर निघत होता. मला ती बाई आवडली होती. पण मालकांचं म्हणणं डोक्यातून जाईना. काळपट दिसलं, हे तरी त्यांच्याशिवाय कोणी पाहिलं होतं?

४

मिस्त्री राहायचे दुसऱ्या चढाच्या बरोबर खाली, एका खोलीत. वावटळ उभी राहिली तेव्हापासून तिचं तेलपाणी त्यांच्याकडे होतं, आणि पार्क बंद पडल्यावरही ते राखणीला म्हणून तिथेच राहिले. खांबांना रंगाचा हात देत राहिले. बाई दर वर्षी येऊन त्यांच्याकडे बसायच्या. तो चढ, तो हिशोब, सगळं पुन्हा पुन्हा बोलायच्या, आणि मिस्त्री ऐकून घ्यायचे.

त्यांनी आम्हाला चहा दिला. खोली लख्ख होती, सगळं जिथल्या तिथे. चढाकडची खिडकी मात्र फळ्या ठोकून बंद केलेली, फळ्यांच्या फटींत गोधड्यांच्या चिंध्या ठासलेल्या.

चाकांचं विचारल्यावर ते सरळ म्हणाले की चाकं पांढरीच होती. समितीलाही तेच सांगितलं होतं. समितीने गाडी दारातूनच पाहिली आणि आराखडे मात्र भिंग लावून पाहिले. बाईंबद्दल ते फार हळुवारपणे बोलले. बाई देवमाणूस आहेत, पण इतकी वर्षं मनाला एकच घोर लागला की माणूस काय करून बसेल सांगता येत नाही, असं म्हणून त्यांनी मान हलवली.

म्हणजे यांनाही बाईंवरच शंका. माझा चहा गार झाला.

वन्सं खिडकीकडे बघत होत्या. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की हे कोणासाठी केलं होतं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांची बायको. दुखणं शेवटचं होतं, रात्रभर कण्हायची, दिवसा डोळा लागावा तर डोक्यावरून वावटळ धडधडत जायची. प्रत्येक फेरीला दचकून उठायची. फळ्या ठोकल्या, गोधड्या ठासल्या, उपयोग शून्य. पार्कवाल्यांनी दुसरी खोली दिली नाही.

"फार हाल झाले असतील," वन्सं म्हणाल्या.

"झाले. पण शेवटी शेवटी झोपायची हो. दुपारची गाढ झोपायची. मी कामावरून येऊन बघायचो, तर शांत."

"कधी गेल्या त्या?"

"त्या मास्तरांच्या अपघाताच्या आधी थोडे दिवस." ते उठून कप विसळायला लागले.

बाहेर पडल्यावर वन्सं इतक्या भराभर चालायला लागल्या की मला धाप लागली. मी म्हटलं, मालकांचं म्हणणं मला पटत चाललंय, बाईंनीच काढली असतील तर? वन्सं थांबल्या.

"वहिनी, बाईंना चाकं नकोशी असती तर त्यांना काय करायचं होतं? गप्प बसायचं. संध्याकाळपर्यंत कटरने सगळं आपोआप संपलं असतं. तपासा म्हणून टाहो त्यांनीच फोडला ना? चोर असा हात दाखवून अवलक्षण करत नाही." मग माझ्या कोपराला धरून म्हणाल्या, "ते जाऊ दे. मघाशी तू त्या पोत्यावरून का उठलीस?"

"टोचत होतं म्हणून."

"वाळू कधी टोचते का गं?"

५

आम्ही गाडीघरात पोचलो तेव्हा कटरवाले हात धुऊन येतच होते. वन्संनी त्यांच्यातल्या एकाचा सुरा मागून घेतला आणि बाईंना, मालकांना, मिस्त्रींना बोलावून घ्यायला मला पिटाळलं. मिस्त्री आले, पण दारातच थांबले.

जुनी पोती सुतळीने शिवलेली आणि कुजलेली होती. मी बसले होते तिथली काही मात्र नव्या दोऱ्याने शिवलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. माझ्याच बैठकीखाली चाकं होती आणि आम्ही पार्कभर हिंडत होतो. वन्संनी एक पोतं फाडलं. थोडी वाळू घरंगळली आणि मागून चाकं. ताटाएवढी आणि जड. त्यांचा रंग तपकिरी होता.

बाई खाली बसल्या आणि एका चाकावर नख दाबून पाहिलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. नख रुतत होतं.

वन्संनी फार लांबण लावली नाही. साधा चोर तांबं सोडून चाकं नेत नाही, आणि नेली तर गाडी धाडकन खाली पाडून नेतो. ही गाडी जपून ठोकळ्यांवर टेकवलेली होती, आणि नट परत आसावर फिरवलेले. उद्या कापल्या जाणाऱ्या गाडीचे नट हरवू नयेत म्हणून कोण काळजी घेतं? ज्याचा हात जन्मभर तसाच चालला आहे तो. डोकं लपवत होतं, पण हातांना सवय मोडवली नाही. मग राहिला प्रश्न, ही मऊ चाकं का चढवली? मालकांना आवाज हवा होता. शेजाऱ्यांना नको होता, पण त्यांच्या हातात पाना नव्हता. आवाज नको आणि पाना हातात, असा पार्कात एकच माणूस होता.

"फळ्यांनी आवाज थांबला नाही असं तुम्हीच म्हणालात," वन्सं मिस्त्रींकडे वळल्या. "आणि वावटळ तर त्या असेपर्यंत रोज चालू होती. मग शेवटी शेवटी त्यांना झोप कशी लागायची?"

मिस्त्रींनी नाकारलं नाही. मला वाटतं, त्यांना नाकारायचा कंटाळा आला असावा. डोक्यावरची टोपी काढून ते बोलायला लागले. नापास संच परत पाठवायचा राहूनच गेला होता. त्यांनी तपकिरी चढवली आणि पांढरीच खोक्यात घालून पाठवून दिली. गाडी इतकी बिनआवाज गेली की बायकोने विचारलं, आज सुट्टी आहे का. मालक तेव्हा महिनाभर बाहेरगावी होते, म्हणून आवाज गेल्याचं त्यांना कळलं नाही. रोज सकाळी पोत्यांची फेरी चढ पार करून यायची, म्हणून ते निर्धास्त होते. बायको गेली. त्यानंतर ती चाकं बदलायची तर पांढरी नव्हतीच, आणि मागायची कोणत्या तोंडाने? मग ती गारठ्याची सकाळ आली. पोत्यांची भरलेली फेरी नीट परतली आणि पाठोपाठ मास्तरांची फेरी निघाली. गाडीत मोजकीच माणसं होती.

"हलकी गाडी," बाई म्हणाल्या.

"हो."

"मऊ चाकं, गार हवा आणि हलकी गाडी." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ऐकवत नव्हता. "माणसं कमी होती तर चार पोती मागच्या डब्यात राहू द्यायची होती. गाडी पार गेली असती. मला विचारलं असतंत तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. तुमची बायको झोपली असती आणि तो माणूस घरी गेला असता."

आपण दर वर्षी सांगणार होतो, असं मिस्त्री पुटपुटले. बाई यायच्या, हिशोब मांडायच्या, आणि प्रत्येक वेळी तोंडाशी आलेलं परत जायचं.

मालकांनी घसा खाकरला आणि काहीतरी वकिलाचं बोलायला लागले. वन्संनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तर ते थांबले. मला मिस्त्रींची कीव आली आणि तेवढाच संतापही आला. दोन्ही एकदम कसं येतं ते मला सांगता यायचं नाही. ज्या माणसाने बायकोला चार दुपारांची झोप दिली, त्यानेच या बाईला सुखाने जगू दिलं नव्हतं, वर समोर बसवून चहा पाजला होता आणि आज आमच्यापुढे तिच्यावरच संशय ढकलला होता.

बाई आधी रडल्या. सुटल्यासारख्या रडल्या, आणि मग एक माणूस मेलाय आणि आपण सुटलो म्हणून रडतोय हे जाणवून ओशाळल्या. मिस्त्री पुढे आले. हात जोडावेत की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

"माफी मागू नका," बाई म्हणाल्या. "ती मास्तरांच्या घरच्यांकडे मागा. मी कोण देणार?"

"बाई, मीही एक दिवस नीट जगलो नाही. तुम्ही जे भोगलंत ते मीही भोगलंय."

बाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"नाही, मिस्त्री. तुम्हाला कारण माहीत होतं. मला तेवढंही नव्हतं."

मिस्त्रींनी वाकून एक चाक उचललं, छातीशी धरलं आणि ते पोलीस चौकीकडे जायला निघाले. वजनाने ते एका बाजूला कलत होते. कटरवाल्यांतला एक जण मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. बाई थोडा वेळ तिथेच बसून होत्या. मग उठल्या, पदर खोचला, दुसरं चाक उचललं आणि त्यांच्यामागून चालू लागल्या.